टॅब्लेटला डॅक जोडून देणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमच्या श्रवण मंडळाच्या बैठकांना जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे टॅब्लेटवरून ऐकवता यावीत, यासाठी आपण जो वेळ दिलात, त्याबद्दल मंडळाच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, बाहेरचा डॅक (डिजिटल फाइलचे स्पीकरला चालणाऱ्या ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) टॅब्लेटला जोडताना येणाऱ्या ज्या अडचणी आपण आम्हाला उलगडून दाखवल्यात, त्या इतरही अनेकांना येत असणार.

सभासदांनी आपापल्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ध्वनीचे ९६ हजार नमुने घेणाऱ्या) फाइली मंडळाच्या जुन्या, लाइटनिंग पोर्टच्या (अ‍ॅपलच्या जुन्या जोडणीच्या) आयपॅडवर आहेत. कॅमेऱ्यासाठी विकल्या जाणाऱ्या छोट्या अ‍ॅडॉप्टरमधून डॅक जोडला की, या उपकरणाला फार वीज लागते अशा अर्थाची सूचना पडद्यावर येई. डॅक बदलावा की टॅब्लेट, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली होती. आपण मात्र आधी डॅकला किती मिलिअँपिअर लागतात ते विचारलेत. यूएसबी २ च्या नियमानुसार जोडलेले उपकरण स्वतःची ओळख देताना आपली गरज ५०० मिलिअँपिअरपर्यंत सांगू शकते, आणि बॅटरीवर चालणाऱ्या टॅब्लेटला तेवढे देणे परवडत नसेल तर तो नकार देतो; म्हणजे ती सूचना हा बिघाड नसून हिशेब होता, हे आपल्या बोलण्यातून प्रथम कळले. २०१६ मध्ये आलेल्या यूएसबी ३ कॅमेरा अ‍ॅडॉप्टरला वीज आत घेण्यासाठी स्वतंत्र पोर्ट आहे. तो आपण स्वतःच्या संग्रहातून आणून दिलात आणि डॅक ताबडतोब ओळखला गेला.

खरी कसोटी त्यानंतर लागली. अ‍ॅडॉप्टरला भिंतीवरचा चार्जर लावताच स्पीकरमधून सलग घरघर येऊ लागली, आणि तानपुऱ्याच्या षड्जाखाली ती कोणालाही सहन होण्यासारखी नव्हती. दोन पिनांच्या चार्जरमधून झिरपणारा अगदी सूक्ष्म प्रवाह डॅकच्या ग्राउंडवाटे तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरकडे वाट काढतो आणि आपल्याकडील विजेची ५० हर्ट्झची कंपने व त्यांच्या पटी आवाजात मिसळतात, हे आपण चार्जर काढून आणि पुन्हा लावून प्रत्यक्ष ऐकवलेत. अ‍ॅम्प्लिफायरचे अर्थिंग तोडण्याचा सोपा पण धोकादायक सल्ला आपल्याला कोणी तरी दिलाच. तो आपण जितक्या ठामपणे फेटाळलात, त्याबद्दल आम्ही विशेष ऋणी आहोत. त्याऐवजी आपण चार्जरच्या जागी पॉवर बँक लावलीत, वीजजाळ्याशी असलेला दुवाच तुटला आणि घरघर थांबली. टॅब्लेट पूर्ण चार्ज असेल तर काही पॉवर बँक भार फार कमी आहे असे समजून मध्येच बंद पडतात, म्हणून बैठकीला येताना टॅब्लेट थोडा उतरलेलाच ठेवावा, ही आपली सूचना आता मंडळाच्या तयारीच्या यादीत आहे.

एका सभासदांच्या अँड्रॉइड टॅब्लेटचा प्रश्न निराळा होता. सीडीवरून घेतलेली ४४.१ किलोहर्ट्झची फाइल वाजत असताना डॅकवरचा दिवा ४८ चा रंग दाखवत असे. अँड्रॉइडमध्ये निरनिराळ्या अ‍ॅपचे आवाज एकत्र करणारी व्यवस्था सहसा सर्व आवाज नमुन्यांच्या एकाच दराला आणते, त्यामुळे हे घडते. डॅकशी स्वतःच्या ड्रायव्हरने थेट बोलणारे अ‍ॅप वापरणे हा एक उपाय, आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून मूळ दर जसाच्या तसा पाठवण्याची सोय प्रणालीतच असली तरी अ‍ॅपने ती मागावी लागते, असे आपण सांगितलेत. मात्र दरबदल नीट केलेला असेल तर आमच्या सभागृहात तो फरक बहुधा कोणाला ऐकू येणार नाही, हेही आपण त्याच दमात स्पष्ट केलेत. ध्वनीच्या क्षेत्रात इतका प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे, असे माझे मत आहे. महागड्या यूएसबी केबलबद्दल विचारले असता, आमचा डॅक असिंक्रोनस पद्धतीचा असल्यामुळे वेळेचे नियंत्रण त्याच्या स्वतःच्या घड्याळाकडे असते, हे सांगून आपण आमचा बराच खर्च वाचवलात.

दुसऱ्या एका सभासदांचा टाइप-सी डॅक सी-ते-सी केबलने टॅब्लेटला दिसतच नव्हता. डॅकच्या अशा पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे रोध नसतील तर समोरच्या टॅब्लेटला काही जोडले आहे हेच कळत नाही, हे आपण सांगितलेत आणि ए-ते-सी केबल व टॅब्लेटला यूएसबी उपकरणे जोडू देणाऱ्या एका छोट्या ओटीजी जोडणीने काम भागवलेत.

आपण मानधन घेतले नाहीत, त्यामुळे निदान अ‍ॅडॉप्टरची किंमत तरी स्वीकारावी, ही मंडळाची विनंती आहे. आपली पॉवर बँक आमच्या साहित्याच्या पेटीत सुरक्षित आहे. पुढील बैठकीपूर्वी मंडळ स्वतःची विकत घेईल आणि आपली घरी पोहोचवील. त्या बैठकीस आपण काकूंसह श्रोते म्हणून यावे, केबल पाहण्यासाठी नव्हे.

आपला कृतज्ञ,
श्रवण मंडळाचा एक सभासद