फेटाळलेला दावा आणि न वाचलेली नक्कल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बांध, वाटणी आणि वहिवाटीचे रस्ते यांवरून खानदेशात होणाऱ्या दाव्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात. परंतु दावा फेटाळला गेल्यानंतर त्या कुटुंबाचे पुढे काय होते, हे फारसे छापून येत नाही. “एकदा कोर्टात हरलो, आता त्या जमिनीचे नाव काढता येणार नाही,” असे आमच्याकडे पारावर ठामपणे सांगितले जाते आणि माणसे त्यावर विसंबून गप्प बसतात. माझे वडील तसेच गप्प बसले आणि त्यांच्यामागे मीही.

एरंडोल तालुक्यात आमचे कपाशीचे शेत आहे. शेजारच्या शेतकऱ्याने दर उन्हाळ्यात नांगरटीच्या वेळी बांध थोडा थोडा कोरत आणला, तेव्हा वडिलांनी 1989 मध्ये कायम मनाई हुकमाचा, म्हणजे शेजाऱ्याला हस्तक्षेपापासून कायमचे रोखण्याचा दावा लावला आणि 1994 मध्ये तो फेटाळला गेला. निकालाची नक्कल त्यांनी सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांसोबत पत्र्याच्या पेटीत ठेवली; ती पुन्हा कोणी उघडली नाही. 2018 मध्ये सरकारी मोजणीत तो पट्टा आमच्याच गटात निघाला, म्हणून मी ती नक्कल घेऊन वकिलांकडे गेलो. त्यांनी दुसऱ्या पानावरील वादमुद्द्यांवर, म्हणजे निर्णयासाठी न्यायालयाने काढलेल्या प्रश्नांवर, बोट ठेवले. दाव्याच्या दिवशी पट्ट्यावर वादीची वहिवाट होती काय, असा मुद्दा होता आणि त्यासमोर “नाही” असे उत्तर होते. पट्टा कोणाच्या मालकीचा, हा मुद्दा न्यायालयाने काढलेलाच नव्हता.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 11 मध्ये पूर्वन्यायाचे तत्त्व आहे. जी गोष्ट आधीच्या दाव्यात थेट आणि मुख्यत्वे वादाचा विषय होती, त्याच पक्षकारांमध्ये किंवा त्यांच्या वारसांमध्ये होती आणि जिच्यावर सक्षम न्यायालयाने सुनावणी करून अंतिम निर्णय दिला, तीच पुन्हा चालवता येत नाही. म्हणजे वडिलांविरुद्धचा निकाल मुलालाही बांधतो. पण जेवढे ठरले तेवढ्यापुरताच. साध्या मनाई हुकमाच्या दाव्यात मालकीचा प्रश्न सामान्यतः थेट निर्णयाला येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये अनाथुला सुधाकर प्रकरणात स्पष्ट केले आहे. अर्थात मालकीवर मुद्दा निघून, पुरावा होऊन निर्णय झाला असेल, तर दाव्याचे नाव मनाईचे असले तरी तो निर्णय आड येऊ शकतो. म्हणून वादमुद्दे वाचल्याशिवाय कोणीही जुना निकाल “आड येतो” किंवा “आड येत नाही” असे सांगू नये.

याच कलमाचे चौथे स्पष्टीकरण असे की, जो मुद्दा त्या वेळी मांडता आला असता आणि मांडायलाच हवा होता, तो मांडलाच होता असे धरले जाते. शिवाय याच संहितेच्या आदेश 2, नियम 2 प्रमाणे एकाच दावाकारणातून, म्हणजे दावा करण्याचा हक्क देणाऱ्या त्याच घटनांतून, निघणारी मागणी परवानगीशिवाय मागे ठेवली, तर ती पुढे करता येत नाही. मात्र हा आक्षेप घेणाऱ्याने जुने वादपत्र न्यायालयापुढे आणून दावाकारण एकच असल्याचे दाखवावे लागते, असे 1964 च्या गुरबक्षसिंग विरुद्ध भुरालाल निकालात म्हटले आहे.

आमचे घोडे अडले ते मात्र मुदतीत. मालकीच्या आधारे ताबा मागण्याची मुदत 12 वर्षांची आहे आणि ती समोरच्याचा ताबा विरोधी झाल्यापासून मोजली जाते. शेजाऱ्याचा ताबा उघड होता, तो हक्क सांगूनच होता आणि वर्षे कुठूनही मोजली तरी 2018 पर्यंत ती उलटून गेली होती. 1994 मध्ये कोणी ते दुसरे पान वडिलांना वाचून दाखवले असते, तर पुढचा दावा मुदतीत बसण्याची निदान आशा होती. मला याचे फार दुःख आहे.

आणखी दोन ठिकाणी आपल्या भागातील माणसे फसतात. पेरणीच्या किंवा केळी कापणीच्या धांदलीत तारखेला वादी गेला नाही, प्रतिवादी मात्र हजर राहिला आणि दावा काढून टाकला गेला, तर गुणदोषांवर काहीही ठरलेले नसतानाही त्याच कारणाचा नवा दावा आदेश 9, नियम 9 मुळे करता येत नाही. 30 दिवसांत तोच दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज करावा लागतो. दोघेही गैरहजर असतील, तर मुदतीच्या आत नवा दावा चालतो. दुसरी गोष्ट अशी की, गावात पंचांसमोर समेट होतो, वादी पुरशीस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन) देऊन दावा काढून घेतो आणि पुढच्याच हंगामात समोरचा शब्द फिरवतो. नवा दावा करण्याची परवानगी त्याच वेळी न्यायालयाकडून घेतली नसेल, तर आदेश 23 नुसार दार बंद होते. समेट झालाच असेल, तर तो लेखी करून न्यायालयात तडजोडीचा हुकूमनामा करून घ्यावा.

पूर्वन्यायाच्या तत्त्वाबद्दल माझी तक्रार नाही. हरलेला सधन शेजारी दर दोन वर्षांनी नव्या नावाने तोच दावा लावू लागला, तर तारखांच्या खर्चात गरिबाची जमीन विकली जाईल.

माझी विनंती तालुका विधी सेवा समित्यांना आहे. गावोगावच्या शिबिरांत माहितीपत्रके वाटण्यासोबत ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत, त्यांना निकालाच्या नकला घेऊन बोलवावे आणि वादमुद्दे मराठीत वाचून, मुदतीचा शेवटचा दिवस नकलेवर लिहून द्यावा. आपण या मागणीला जागा द्यावी.

आपला,
एक वाचक
ता. एरंडोल, जि. जळगाव