त्या काकीचं काय करू

सोन्या,

सुट्टीत आलास तेव्हा मी बोलले ना तुला, घोडा झालास तरी कार्टून बघतोस म्हणून, ते मनातून काढून टाक. परवा बाबा झोपल्यावर तू लावून दिलेला तो ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज, जपानी कार्टून पिक्चर, एकटीनेच बघितला. दीड तासाचाही नाही, पण नंतर किती वेळ ओट्यापाशी नुसती उभी होते, दूध फ्रीजमध्ये टाकायचं पण सुचलं नाही.

आम्ही पण रविवारी दूरदर्शनवर मोगली बघायचो, तो पण जपानी हे तुझ्याकडूनच कळलं, पण ते पोरासोरांचं होतं. इथे पहिल्याच मिनिटाला मुलगा स्टेशनवर भुकेने मरतो, म्हणजे पुढे काय होणार याची काही भानगडच नाही, फक्त कसं झालं ते बघायचं. १९४५ सालचं जपानमधलं कोबे शहर, बॉम्बच्या आगीत आई गेलेली, १४ वर्षांचा सेता आणि त्याची ४ वर्षांची बहीण सेत्सुको. खायच्या गोड गोळ्या संपल्यावर त्यांच्या डब्यात पाणी घालून तो तिला पाजतो, आणि शेवटी तर पोरगी गोळी समजून काचेची गोटी चोखत बसते रे. नेटवर वाचलं की दिग्दर्शक ताकाहाता स्वतः ९ वर्षांचा असताना ओकायामाच्या बॉम्बहल्ल्यातून वाचला होता, आणि ज्या नोसाकाची मूळ गोष्ट त्याची धाकटी बहीण खरंच उपासमारीने गेली. आणि हा पिक्चर १९८८ मध्ये थेटरात तोतोरो नावाच्या लहान मुलांच्या पिक्चरच्या जोडीला लावला होता म्हणे, पोरांना घेऊन गेलेल्या आयांचं काय झालं असेल!

पण माझं डोकं अडकलंय त्या काकीपाशी, आई गेल्यावर ही दोघं जिच्या घरी राहतात ना, ती. तू म्हणालास दुष्ट आहे. मला आधी तसं वाटलंच नाही, उलट मी मनात तिचीच बाजू घेत होते, रेशनचे दिवस, घरात कमावती माणसं, आणि हा घोडा दिवसभर लोळतोय. तो पण हट्टीच, आईचे बँकेत ७००० येन आहेत तरी घर सोडल्यावर मान खाली घालून तिच्याकडे परत जायचं नाही. पण काकी त्यांच्याच आईचे किमोनो विकून तांदूळ आणते आणि स्वतःच्या मुलीला भाताचे गोळे, या दोघांना पातळ पेज, आणि तिथे मी पिक्चर थांबवला.

तुझा आतेभाऊ आपल्याकडे दोन वर्षं शिकायला होता, तू पहिली-दुसरीत असशील. तुझ्या पेल्यात साय यायची. त्याच्या पेल्यात मी पाणी घालायचे. रोज नाही, पण घालायचे. त्याला कळत असणार, पेला उजेडाकडे धरून प्यायचा आणि बोलायचा काहीच नाही.

बाबांना हे सांगितलेलं नाही, तू पण सांगू नकोस. त्याचा नवीन नंबर असला तर तेवढा पाठव.

आई