खडूची एक रेघ

आदरणीय चाचा,

सलाम.

दोन कॅम बुश, एक क्लेव्हिस पिन, ग्रीस आणि मजुरी. आमच्या ट्रकच्या ब्रेकदुरुस्तीच्या तुमच्या बिलात एवढंच होतं. जे बिलात नव्हतं, त्यासाठी हे पत्र. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडंच लिहितोय.

लातूरहून तूरडाळ भरून अंबाजोगाई, केजमार्गे येणारी दहा चाकी गाडी मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला टेकते, तेव्हा मागच्या चाकांतल्या चार ब्रेक-ड्रमपैकी तीन तापलेले आणि एक जवळपास गार, असं सलग काही खेपा चाललं होतं. घाट उतरल्यावर ज्याचा ड्रम गार तोच चोर, हे अड्ड्यावर सगळ्यांना माहीत आहे. तो काम करत नाही, त्याच्या वाटणीचं ओझं बाकीचे तिघं ओढतात आणि तापून तेही निकामी होत जातात. तरी तुमच्या आधी तीन ठिकाणी गाडी दाखवली, आणि तिन्हीकडे कुणी खाली वाकून नीट मोजलंच नाही. एकानं ड्रायव्हरला बोल लावला, "पाय ब्रेकवरच ठेवतोस." दुसऱ्यानं नवे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे, टाकले. तिसऱ्यानं पाना घेतला, स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढिलाई जुळवणारा भाग) आवळला आणि म्हणाला, झालं, न्या. चार दिवसांनी पुन्हा तेच.

यात ड्रायव्हरला दोष देणं सगळ्यात सोपं, कारण हवेच्या ब्रेकचं पेडल खोटं बोलतं. ऑइल ब्रेकच्या गाडीत लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढलं की पेडल खोल जातं, पायाला कळतं. हवेच्या गाडीत पाय फक्त व्हॉल्व्ह उघडतो. काटा पूर्ण हवा दाखवतो, पेडल नेहमीसारखंच लागतं, आणि तिकडे चाकाजवळ हवेनं ढकलला जाऊन ब्रेक लावणारा दांडा शेवटच्या टोकाला जाऊन टेकलेला असतो. हवा ज्या डब्यात शिरून दांडा ढकलते तो चेंबर; 30 नंबरच्या चेंबरमधल्या पडद्याचं क्षेत्र 30 चौरस इंच. चौरस इंचाला 100 पौंड दाबानं हवा दिली की दांड्यावर 3,000 पौंड, म्हणजे साधारण 1,360 किलो जोर येतो. पण साध्या चेंबरचा दांडा जेमतेम 64 मिलिमीटर चालतो आणि टोकाशी येता येता हा जोर घसरतो. त्यात घाटात ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, दांड्याला आणखी पुढं यावं लागतं. म्हणून अड्ड्यावर गार गाडीत ठीक वाटलेला ब्रेक उतारावर दगा देतो.

तुम्ही काय केलंत? आधी चाकांना दगड लावले, मग हँडब्रेक सोडायला लावला. (हँडब्रेक ओढलेला असेल तर आतल्या स्प्रिंगनं दांडा आधीच बाहेर ढकललेला असतो, मोजमाप फुकट जातं. तिसऱ्या ठिकाणी नेमकं तसंच पाहिलं होतं.) हवेचा दाब 6 ते 7 बारच्या मध्ये आणून इंजिन बंद. दांडा चेंबरच्या तोंडातून जिथं बाहेर येतो, तिथं खडूची रेघ. वरून पाय पूर्ण दाबून धरायचा आणि रेघ किती पुढं आली ते स्टीलच्या पट्टीनं मोजायचं.

पण मोजलं तुम्ही नाही. कडेला पाना हातात घेऊन उभा असलेल्या क्लीनर पोराला तुम्ही हाक मारलीत. एप्रिलची दुपार, खालची जमीन तव्यासारखी. तुम्ही स्वतःच्या अंगाखालचं गोणपाट ओढून त्याच्याकडं सरकवलंत आणि उघड्या मातीवर पाठ टेकलीत. खडू त्याच्या हातात दिलात. त्यानं पट्टी उलटी धरली तेव्हा हसला नाहीत, थांबलात. त्यानंच वाचलं: 57 मिलिमीटर.

चाचा, त्या पोराला आजवर कुणी काही वाचायला सांगितलं नव्हतं. 'पाना दे', 'दगड लाव', 'बाजूला हो', एवढंच त्याच्या कानाला माहीत.

अमेरिकेत रस्त्यावरच्या तपासणीत साध्या 30 नंबरच्या चेंबरला 51 मिलिमीटरची हद्द धरतात, 24 नंबरला 45. लांब दांड्याच्या चेंबरची हद्द वेगळी, म्हणून नंबर आधी पाहायचा, हेही तुम्ही त्यालाच वाचायला लावलंत. 57 म्हणजे हद्दीच्या कितीतरी पलीकडे. इथं दुसरा कुणीही पुन्हा पाना उचलता. तुम्ही पेडल सोडायला सांगितलंत आणि टामी (लोखंडी पहार) लावून ॲडजस्टर हातानं ओढून दांडा पुन्हा मोजायला लावलात: 14. ऑटो ॲडजस्टरला हा मोकळा हिशेब 10 ते 16 मध्ये असावा. म्हणजे लायनर-ड्रमचं अंतर ठीक, ॲडजस्टर आपलं काम करतोय, आणि मधले 43 मिलिमीटर दुसरीकडेच खर्च होतायत. ब्रेकचे शू (लायनर बसवलेल्या कमानी) फाकवणारा कॅम शाफ्ट धरून हलवला तर तो खालीवर डुलत होता. त्याला धरणारे दोन्ही बुश खाल्लेले, दांडा ॲडजस्टरला जोडणाऱ्या क्लेव्हिस पिनचं भोक लंबगोल. हवेचा जोर शूपर्यंत पोचायच्या आधी त्या ढिलाईतच जिरत होता.

ऑटो ॲडजस्टर पान्यानं आवळू नये, ही गोष्ट अजून किती जणांना सांगायची? तो स्वतः जुळवून घेण्यासाठीच असतो. दांडा लांब जातोय म्हणजे एकतर ॲडजस्टर मेलाय, नाहीतर पुढं काहीतरी झिजलंय. आवळल्यानं दुखणं चार दिवस झाकतं, आणि पुन्हा पुन्हा उलटसुलट फिरवल्यानं त्याच्या आतला क्लच खराब होतो तो वेगळाच. जुन्या हाती ॲडजस्टरची गोष्ट निराळी. तो शू ड्रमला टेकेपर्यंत आवळायचा आणि पाव ते अर्धा फेरा मागं घ्यायचा. दोन्हींना एकच औषध देणारे मिस्त्री अजून भेटतात, सांगायचं कुणाला.

बाकी तपासणी तुम्ही चालता चालताच उरकलीत. ड्रमवर निळे डाग नाहीत, लायनर मध्यावर 6 मिलिमीटरच्या बरंच वर, हब सीलचं तेल लायनरवर उतरलेलं नाही, पेडल दाबून मिनिटभर धरल्यावर काटा 0.2 बारनंही पडला नाही, टाकीचं पाणी काढलं. हँडब्रेकच्या चेंबरची पट्टी मात्र कुणी सोडायची नाही, आतली स्प्रिंग माणूस मारते, हे तेवढं पोराला दोनदा बजावलंत. दुसऱ्या बाजूचे बुशही बदलायला लावलेत. खर्च वाढतो म्हणून मालक कुरकुरले, तुम्ही ऐकलं नाहीत, बरं केलंत.

हात चालणारे कारागीर मराठवाड्यात कमी नाहीत. पण आपल्याला येतं ते दुसऱ्याच्या हातात ठेवताना ज्याला काही कमी झाल्यासारखं वाटत नाही, असा माणूस विरळा. तुमच्याकडं गाडी उभी असताना कुणाचा आवाज चढला नाही. साधं सभ्य वागणं, पण त्याची सवय मोडलेली असली की माणूस दचकतो.

पोरगं आता दर सोमवारी मागची चारही चाकं मोजतं आणि डाळीच्या पावतीमागं आकडे लिहून ठेवतं. या आठवड्याचे: 41, 40, 43, 41.

तुमचं गोणपाट आमच्याच गाडीत राहिलंय. पुढच्या खेपेला आणून देतो.

तुमचे,
लातूर-बीड रस्त्यावरचे चालक आणि एक क्लीनर