कल्याणीच्या पायाला हात लावायला या

महालक्ष्मी, मुंबई

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईनं विचारलं, "माघात चिंचलीला येणार न्हवं?" घोडं खिंकाळायलंय, ऐकू येत नाही, असं म्हणून मी फोन ठेवला. खोटं बोललो. नीट ऐकू आलं होतं. यंदा मायाक्काच्या जत्रेला जमणार नाही, आणि ते तोंडानं सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून हे पत्र.

इंडियन डर्बी, म्हणजे इथली घोड्यांची मोठी शर्यत, असते फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, आणि ओक्स ही माद्यांची शर्यत तिच्या आसपास. म्हणजे आमचा जीव टांगणीला लागायची वेळ आणि तुमची गाडी जुंपायची वेळ एकच. मी ट्रेनर म्हणून तयार करतो त्या चौदा जनावरांत ओक्सला उभी करावी अशी एक घोडी यंदा आहे. चारी पाय पांढरे, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. बाबा, तुम्ही बघताक्षणी 'पंचकल्याणी' म्हणाला असता. कागदावरचं तिचं नाव इंग्रजी आहे, मालकाच्या आवडीचं. तबेल्यात सगळे तिला कल्याणीच म्हणतात.

आजोबा टांग्याला घोडा घेताना आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघायचे, आठवतंय? इथंही प्रत्येक घोड्याच्या पासपोर्टात भोवरे नोंदवतात, चित्रावर खूण करून. शुभ-अशुभ काही नाही, एका रंगाची दोन जनावरं अदलाबदल होऊ नयेत एवढ्यासाठी. पण डॉक्टर चष्मा वर करून तिच्या मानेवर भोवरा शोधायला लागले, तेव्हा मला निपाणीच्या स्टँडवरचा आपला टांगाच दिसला.

ओक्स २४०० मीटरची, फक्त माद्यांची. कल्याणी १६०० पर्यंत धावली आहे. पुढच्या ८०० मीटरांत काय होईल ते धावल्याशिवाय कुणालाच कळत नाही, ट्रेनर कितीही शहाणा असो. माझी आशा तिच्या दौडीपेक्षा तिच्या गव्हाणीवर आहे. पहाटे ट्रॅकवर पळून आली की अर्ध्या तासात ओट्स चाटूनपुसून साफ. "जो घोडा दमून येऊन खातो तो अजून दमलेला नाही," हे तुमचंच. आणि आई, तू वखारीत तंबाखूच्या धुरळ्यासाठी तोंडाला पदर बांधायचीस ना, तसं इथं वाळलं गवत पाण्यात भिजवून मग घालतो. धूळ छातीत गेली की घोड्याचा दम तुटतो. नवीन पोरांना हे समजावताना मी तुझंच उदाहरण देतो.

आता एक गोष्ट, जी मी वर्षभर लपवली. गेल्या साली तो काळा घोडा 'विश्रांतीला सोडला' म्हणालो होतो. खरं असं की शर्यतीच्या चार दिवस आधी त्याला सांभाळणारा सईस म्हणाला, डावा पुढचा पाय गरम लागतोय. मी हात लावला, मला काही लागलं नाही. लागलं नाही की लागून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. मालक शर्यतीला येणार होते. घोडा धावला, तिसरा आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याखालचा मागचा टेंडन, म्हणजे कंडरा, धनुष्यासारखा फुगलेला. सईस एक शब्द बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बाबा, तुम्ही पाय तळहातानं बघत नव्हता. तळहाताला लगामाचे घट्टे, त्याला ऊब कळत नाही म्हणायचा. डोळे मिटून हाताची उलटी बाजू आधी एका पायाच्या नळीवर, मग दुसऱ्या पायाच्या. मी घाईत तळहात लावला होता.

आपला घोडा दुबईला कधी पळणार, हे तुम्ही दर वेळी विचारता. मला पण वाटतं हो. राजपिपळ्याच्या महाराजांच्या 'विंडसर लॅड'नं १९३४ साली एप्समची डर्बी मारली. बडोद्याच्या गायकवाडांनी २८,००० गिनी मोजून घेतलेल्या शिंगराचं नाव ठेवलं 'सयाजीराव', आणि त्यानं १९४७ साली आयरिश डर्बी आणि सेंट लेजर दोन्ही जिंकल्या. पण मालक आपले, घोडे तिकडचेच. आपल्या मातीतला घोडा बाहेर न्यायचा तर अडचण पायांची नाही, कागदांची आहे. त्याच्या अंगात रोग नाही एवढं पुरत नाही, तो राहतो ती जागाच रोगमुक्त आहे हे बाहेरच्या देशांना पटावं लागतं. २०२५ साली मेरठ छावणीतल्या लष्कराच्या आवाराला जागतिक पशुआरोग्य संघटनेची तशी मान्यता मिळाली, देशात पहिली. ते खेळांच्या घोड्यांसाठी आहे, पण दार किलकिलं तरी झालं. उलट सिंगापूर आणि मकावची रेसकोर्सं २०२४ मध्ये कायमची बंद पडली. म्हणजे आपण निघेपर्यंत पोचायची ठिकाणंच कमी व्हायला लागलीत. तरी कल्याणीला पुढं शिंगरू झालं तर ते दुबईच्या मेदान रेसकोर्सवर पळावं, असं एक खूळ माझ्या डोक्यात आहे. मालकांना सांगितलेलं नाही, हसतील.

आई, 'जुगाराचा धंदा' म्हणून तू अजून शेजारी माझं काम सांगत नाहीस, ठाऊक आहे. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. सरकारनं मात्र जीएसटी लॉटरी-कसिनोच्या पंगतीला बसवून ४० टक्के केला. दोघांपैकी तुझी बाजू कुणाची ते मी विचारत नाही. मी स्वतः एक रुपया लावत नाही, एवढं शेजारी सांग.

मागणं एकच. जत्रेला जायच्या आधी, जानेवारीत, चार दिवस दोघं इकडे या. निपाणीला हायवेवर रात्रीच्या गाडीत बसा, सकाळी मी उतरवून घेतो. बाबा, कल्याणीच्या चारी पायांना तुमचा हात लागू दे. तुम्ही 'गरम आहे' म्हणालात तर त्याच दिवशी ओक्समधून नाव काढतो, मालकांचं मी बघून घेईन. मग आईनं चिंचलीला ओटी भरावी, पण जिंकायचा नवस बोलू नये.

आणि माळ्यावर पोत्यात आजोबांचा लोखंडी खरारा आहे, तो आठवणीनं आणा. दात झिजलेत त्याचे, पण इथले नवे तिच्या कातडीला टोचतात.

तुमचा,
बाळू