काका, त्या मंगळवारांबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

अमेरिकेत, कॅन्ससमधल्या विचिटात आपली घरं चार रस्ते सोडून आहेत, त्यामुळे हे सगळं मी तोंडावर सांगू शकले असते. पण समोर बसलं की तुम्ही “अगं, त्यात काय एवढं” म्हणता आणि विषय चहाकडे वळवता. म्हणून लिहून काढते आहे. आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण आई-बाबांना सहा महिन्यांसाठी इकडे आणणाऱ्या घरांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

बाबा ऑक्टोबरात आले. जानेवारीत एका सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यालगत ठेवायला म्हणून गेले आणि दारातल्या बर्फावर घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, व्यायाम शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येऊ लागली. हाड जुळत होतं. बाबा मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले. सांगली जिल्ह्यात चौतीस वर्षं भूकरमापक म्हणून नोकरी केलेला हा माणूस. उन्हातान्हात शिवारं तुडवली, भावाभावांच्या बांधावरच्या भांडणांत उभं राहून हद्दीचे दगड दाखवले. आणि आता बिछाना ते न्हाणीघर, न्हाणीघर ते खिडकी. आम्ही दोघं कामावर. घरून फोन आला की “बरं आहे” एवढंच बोलून फोन माझ्या हातात.

तुम्ही एका सोमवारी आलात, त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसलात आणि जाताना मला म्हणालात, “उद्या दीड वाजता यांना तयार ठेव. ज्येष्ठांच्या केंद्रात वेस्टर्न बघायला नेतो.” मला पटलं नव्हतं, हे आज कबूल करते. बाबांना इंग्रजी वाचता येतं, पण कॅन्ससच्या म्हाताऱ्यांचं नाकातून येणारं इंग्रजी, त्यात सत्तर वर्षांपूर्वीची कृष्णधवल काउबॉय मालिका. त्यांना आणखी एकटं वाटेल अशी भीती होती. म्हणून अर्धा दिवस रजा टाकून मीही बरोबर आले.

खुब्याच्या ऑपरेशननंतर खोल खुर्चीत बसायचं नसतं. तुम्ही घरून एक जाड, कडक उशी आणली होती. ती खुर्चीवर ठेवून आधी स्वतः बसून पाहिलीत, उंची पुरेशी आहे ना म्हणून. मग बाबांना बसवलंत.

त्या दिवशी ‘गनस्मोक’चा पहिला भाग होता, ‘मॅट गेट्स इट’, १० सप्टेंबर १९५५ ला दाखवलेला. सुरुवातीला वेस्टर्न सिनेमांचा प्रसिद्ध नट जॉन वेन स्वतः पडद्यावर येतो आणि नायक मॅट डिलन झालेल्या जेम्स आर्नेस या तेव्हा फारशा माहीत नसलेल्या नटाची ओळख करून देतो. पुढे वीस वर्षं आणि ६३५ भाग चालणार असलेल्या मालिकेचा हा पहिला अर्धा तास. आणि त्यात नायकच हरतो. टेक्सासातल्या अमारिलोहून एक शेरीफ डॅन ग्राट नावाच्या खुन्याला पकडायला इथल्या कॅन्ससमधल्या डॉज सिटीत येतो. ग्राट त्याला मारतो. मग गावचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, मॅट डिलन ग्राटसमोर उभा राहतो, आणि ग्राटचं पिस्तूल आधी निघतं. मॅट गोळी लागून पडतो. मेला असं समजून ग्राट गावावर राज्य करू लागतो.

तुम्ही बाबांच्या कानाशी वाकून एकेक वाक्य मराठीत सांगत होता. मॅट पडला, डॉक्टर आला, खाटेवर पडलेला मॅट दिसला, आणि बाबा एकदम बोलले. हळू नाही, चांगलं मोजणीच्या आवाजात: “तो जवळ येतोय. दोन्ही वेळेला आधी जवळ आला, मग झाडली. त्याचा नेम नाही. त्याला अंतर कमी करावं लागतं.”

माणसं मागे वळून बघायला लागली. मी संकोचले. दुसऱ्या कुणी “श्श, पुढे बघा” म्हटलं असतं. तुम्ही हात वर केलात आणि रिमोटवाल्या बाईंना चित्र थांबवायला लावलंत. मग उभं राहून सगळ्यांना इंग्रजीत सांगितलंत, की माझ्या या मित्राने चौतीस वर्षं जमिनी मोजल्या आहेत, आणि त्याचं म्हणणं असं आहे. शब्द न् शब्द, काही न गाळता. खोली क्षणभर शांत. मग पुढच्या रांगेतल्या निवृत्त शिक्षिका टाळी वाजवून म्हणाल्या, “त्यांना सांगा, पुढचं आता फोडू नका!” तेही तुम्ही बाबांना मराठीत सांगितलंत. बाबा हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

कारण खरंच तसंच निघतं. ग्राटचा हात विजेसारखा चालतो, पण नेम कच्चा आहे. शेवटी मॅट त्याला लांबच थांबवतो. ग्राटची गोळी चुकते, मॅटची लागते.

पण मला तुमचे आभार मानायचे आहेत ते भाग संपल्यानंतरच्या पाऊण तासासाठी. कागदी पेल्यांत कॉफी आली आणि सगळे वाद घालायला बसले. एक निवृत्त नर्स म्हणाल्या, इतक्या जवळून गोळी लागलेला माणूस त्या काळात, त्या औषधांवर इतक्यात उभा राहणं शक्यच नाही. शिक्षिकाबाईंना मॅटचा पराभव हीच सगळ्यांत धाडसाची गोष्ट वाटली. नायक पहिल्याच दिवशी जमिनीवर पडतो, म्हणून पुढची वीस वर्षं त्याच्याबद्दल धाकधूक वाटत राहिली, असं त्यांचं म्हणणं. एका आजींना टीव्हीवरचा मॅट कधीच पसंत पडला नव्हता. त्या १९५२ पासून ही मालिका रेडिओवर ऐकत होत्या आणि त्यांच्यासाठी मॅट म्हणजे विल्यम कॉनरॅडचा आवाज. जाड होता म्हणून त्याला टीव्हीवर घेतलं नाही, हे सांगताना त्यांना आजही राग येत होता. कुणीतरी १८७० च्या दशकातल्या खऱ्या डॉज सिटीचा तो प्रसिद्ध फोटो आठवला, ज्यात रस्त्यातच पाटी आहे, हत्यार बाळगायला सक्त मनाई. मग हे भर रस्त्यातलं द्वंद्व आलं कुठून? त्यावर दहा मिनिटं गदारोळ.

आणि गव्हाची शेती करून निवृत्त झालेले ते आजोबा, डेनिमच्या जाकिटातले. त्यांनी विचारलं, “अंतर ठेवायचं एवढं शहाणपण होतं, तर मॅटने पहिल्या वेळी का नाही ठेवलं?” उत्तर कुणालाच पटेल असं देता आलं नाही.

हे सगळं तुम्ही बाबांपर्यंत पोचवत होता. कोण काय म्हणालं, कोण कुणावर उखडलं, कोण नुसतं मान हलवतंय पण पटलेलं नाही, हेसुद्धा. मालिकेतले संवाद मी बाबांना कधीतरी मराठीतून सांगितले असते. लोकांची मतं सांगायची मला सुचलं नसतं. कथा समजली की माणूस प्रेक्षक होतो. मतं समजली आणि आपलंही मत कुणी थांबून ऐकलं, तेव्हा बाबा त्या खोलीतले झाले. हा फरक मला तुमच्यामुळे कळला.

त्यानंतरचे मंगळवार मी नव्हते, पण घरी आल्यावर जेवताना बाबाच सांगायचे. मॅटचा मदतनीस चेस्टर, त्याचा पाय ताठ का, हा त्यांचा लाडका विषय. चेस्टरचं काम करणाऱ्या डेनिस वीव्हरचा पाय धडधाकट होता, ते लंगडणं निव्वळ अभिनय, आणि त्याच भूमिकेसाठी त्याला १९५९ मध्ये एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं. उलट साडेसहा फुटांहून उंच असलेल्या मॅटचा, म्हणजे आर्नेसचा, उजवा पाय दुसऱ्या महायुद्धात इटलीत आंझिओला गोळ्या लागून कायमचा दुखरा झालेला. ज्याचा पाय खरंच दुखतो तो सरळ चालतो आणि ज्याचा दुखत नाही तो लंगडतो, हे बाबांनी मला वॉकर घेऊन स्वयंपाकघरात उभं राहून चालून दाखवलं. व्यायामवाल्या बाईंना त्या आठवड्यात त्यांना उठवायला विनवण्या कराव्या लागल्या नाहीत.

मार्चमध्ये तुम्ही आम्हाला गाडीने डॉज सिटीला नेलंत, जाऊन-येऊन पाच तास. वाटेत बर्टनच्या दिशेने हात करून म्हणालात, मालिकेतला आपला डॉक्टर झालेला नट, मिलबर्न स्टोन, तिथला. “आपला” म्हणालात. १९६९ मध्ये तुम्ही विमानाच्या कारखान्यात नोकरीला आलात तेव्हा सोमवारी संध्याकाळी भाड्याच्या खोलीत एकटे बसून हीच मालिका बघायचात, आणि दुसऱ्या दिवशी कामावर लोक काय बोलतात ते कळावं म्हणून कान देऊन ऐकायचात, हेही तेव्हाच सांगितलंत. तुम्हाला हे कुणी मराठीत सांगायला नव्हतं. मी मागच्या सीटवर होते, काही बोलले नाही. आज म्हणते, काका, ते ऐकून मला फार भरून आलं.

आणि ती वही. एप्रिलमध्ये निघताना तुम्ही बाबांच्या हातात दोनशे पानी वही ठेवलीत. प्रत्येक मंगळवारची तारीख, भागाचं नाव आणि खाली सगळ्यांची मतं, मराठीत, तुमच्या त्या उभ्या अक्षरात. ‘नर्सबाई: अशक्य.’ ‘रेडिओ आजी: कॉनरॅडच खरा.’ आणि बाबांचं मत पहिल्या पानावर सगळ्यांत वर, चौकट काढून. बाबांनी ती वही हातातल्या पिशवीत घेतली, बॅगेत टाकू दिली नाही. सांगलीत ती आता त्यांच्या जुन्या मोजणीच्या नकाशांबरोबर लोखंडी कपाटात असते.

परवा बाबांचा फोन आला. आता काठीवर चालतात, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतात. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि म्हणाले, “काकांना एक निरोप दे. त्या गहूवाल्या आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलंय.” मी लिहून घेतलं, जसंच्या तसं पाठवते:

“पहिल्या वेळी मॅट त्याला अटक करायला गेला होता. अटक करायची तर जवळ जावंच लागतं. मी पण भांडणाऱ्या भावांच्या मधे जाऊनच साखळी धरायचो. लांबून मोजणी होत नाही.”

येत्या मंगळवारी हे आजोबांना सांगा. ते काय म्हणतात ते वहीत लिहून ठेवा. बाबा वाट बघत आहेत.

तुमची,
चार रस्त्यांपलीकडची लेक