बाबा, सोमवारी इसारपत्रावर सही करू नका

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणून फोन आईकडे देऊन टाकतात आणि आई म्हणते "तूच समजाव बाई त्यांना", म्हणून शेवटी लिहूनच पाठवतेय. आईच्या मोबाईलवर येईल, चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या, म्हणजे चष्मा सापडला नाही हे कारण नको.

दादाने सांगितलं मला. हुडकेश्वरच्या प्लॉटचं गिऱ्हाईक आलंय, बाबांनी ५१ हजार टोकन घेतलंय आणि सोमवारी इसारपत्र आहे. माझ्यासाठी करून राहिले आणि मलाच सांगून नाही राहिले! दादावर चिडू नका, त्याला पुण्यात बसून झोप लागेना म्हणून रात्री साडेअकराला त्याने मला फोन केला.

हे सगळं सुरू झालं त्या फॉरवर्डपासून, आठवतं ना, जुलै २०२५ मध्ये तुम्ही पाठवला होता, २३ लाखात दुबईचा आयुष्यभराचा गोल्डन व्हिसा, घर-बिर काही घ्यायची गरज नाही, फक्त फी भरा. पेपरात पण छापून आलं होतं, त्यामुळे तुमचं चुकलं असं मी म्हणतच नाही, इथे आमच्या ऑफिसमध्ये पण दोन दिवस तीच चर्चा होती. पण लगेचच इथल्या सरकारने, म्हणजे जे खातं आमचं एमिरेट्स आयडी देतं त्यांनीच, सांगून टाकलं की असला काही व्हिसा नाही आणि अर्ज फक्त सरकारी मार्गानेच होतात. मी तेव्हा तुम्हाला "फेक आहे बाबा" एवढंच लिहिलं, आणि वर हे पण लिहून बसले की खरा तर घर घेतल्यावर मिळतो. तिथेच माझी चूक झाली. तुम्ही ते डोक्यात ठेवलं आणि प्लॉट काढायला निघाले.

तर खरा कसा असतो ते आता नीट सांगते. २० लाख दिरहम किंवा त्याच्या वर किमतीचं घर स्वतःच्या नावावर असलं की दहा वर्षांचा व्हिसा मिळतो. ही रक्कम आणि दहा वर्षं २०२२ च्या ऑक्टोबरपासूनची, त्याआधी ५० लाख दिरहम लागायचे आणि ते पण पाचच वर्षांसाठी. २० लाख दिरहम म्हणजे आपले साडेचार कोटींच्या वर. बसा आता. पण पूर्ण रोख नाही लागत, बँकेचं कर्ज चालतं. आधी निदान १० लाख दिरहम भरलेले असावे लागायचे, २०२४ च्या जानेवारीत ती अट काढली, म्हणून तर आमच्यासारख्या नोकरदारांनी या भानगडीचा विचार सुरू केला. पहिल्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ४ लाख दिरहम आपले, वर लँड डिपार्टमेंटचे ४ टक्के म्हणजे ८० हजार (आपल्या स्टॅम्प ड्युटीसारखंच समजा), एजंटचे २ टक्के आणि त्याच्यावर व्हॅट म्हणजे ४२ हजार, कर्जाच्या नोंदणीचे थोडे वेगळे. सव्वापाच लाख दिरहम हातात पाहिजेत तेव्हा गोष्ट पुढे सरकते. मग महिन्याचा हप्ता, दरवर्षी बिल्डिंगचा सर्व्हिस चार्ज तो पण स्क्वेअर फुटावर. दलाल लोक हे शेवटचं कधी सांगत नाहीत, ते फक्त स्विमिंग पूलचा फोटो पाठवतात.

आता तुम्ही म्हणाल म्हणूनच तर प्लॉट विकून राहिलो. थांबा.

आधी हे सांगते की मला हा व्हिसा पाहिजेच कशाला, कारण ते तुम्हाला खरं कधी सांगितलंच नाही. २०२० च्या जूनमध्ये निखिलची नोकरी गेली होती. वर्क फ्रॉम होम वगैरे काही नव्हतं ते. एक ईमेल आला आणि संपलं. मी तेव्हा त्याच्याच व्हिसावर होते, ओवी पण, म्हणजे त्याचा व्हिसा कॅन्सल झाला की आम्ही तिघंही मोजलेल्या दिवसांचे पाहुणे, साधारण महिनाभराची मुदत असायची तेव्हा आणि करोनामुळे नियम सारखे बदलत होते, रोज सकाळी उठून आधी तेच वाचायचं. गाडी विकली, सोफा विकला. आई, तू व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं सोफा कुठे गेला आणि मी म्हटलं ढेकूण झाले म्हणून टाकला, तू मला अर्धा तास ढेकणांचे उपाय सांगितले आणि मी सगळे ऐकले. २६ व्या दिवशी त्याला कमी पगाराची का होईना नोकरी मिळाली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच की आपलं इथे राहणं कोणाच्या एका ईमेलवर नको. म्हणून घर घेतलं तर ते माझ्या नावावर घ्यायचं ठरलंय, व्हिसा माझा आणि निखिल-ओवी माझ्यावर. निखिललाही तेच बरं वाटतं, तो म्हणतो मी तुझ्या डिपेंडंटमध्ये शोभून दिसेन.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ही आईने दोनदा वाचायची. साधा व्हिसा असला की सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की तो बाद होतो. गोल्डनला ती अट नाही, आणि तो नोकरीला बांधलेलाही नाही. २०२२ मध्ये आई बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पाच आठवड्यांत परत निघाले होते, तू वॉकर घेऊन दारापर्यंत आली आणि मी टॅक्सीत बसल्यावर मागे नाही पाहिलं कारण पाहिलं असतं तर उतरले असते. असं परत कधी झालं तर मला नोकरी सोडून मानेवाड्याला येऊन आठ महिने राहता आलं पाहिजे आणि नंतर परत जाता पण आलं पाहिजे. तुम्हाला वाटून राहिलं की मी तिकडे पक्की होण्यासाठी हे करतेय. मी हे तिकडून निघता यावं म्हणून करतेय.

आई, तू विचारलं होतं ना की मग तुम्ही तिकडचेच झाले का. नाही. हे नागरिकत्व नाही, पासपोर्ट आपलाच राहतो, निळाच. घर विकलं की व्हिसा गेला, घर ठेवलं तर दहा वर्षांनी रिन्यू. आणि नियम बदलणं त्यांच्या हातात असतं. निखिलचा एक मित्र पोर्तुगालच्या मागे होता, घर घेऊन पाच वर्षांत पुढचं पाहू म्हणून, तर त्यांनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये घरावरचा रस्ताच बंद केला, मग तो स्पेनकडे वळला तर स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये बंद केला, आता ग्रीस पाहतो तर तिथे अडीच लाख युरोचे अथेन्समध्ये आठ लाख झाले. घरांच्या किमती वाढल्या की तिथलीच माणसं ओरडतात, बरोबरच आहे त्यांचं, आपल्या मनीष नगरात कोणी बाहेरून येऊन भाव वाढवले की आपण काय बोलतो ते मी ऐकलंय.

आता प्लॉटचा हिशोब, बाबा, पेन घेऊन बसा, तुमचा आवडता विषय. ९० लाख येणार म्हणता. १९९४ ला घेतलेला, म्हणजे नफा जवळजवळ सगळाच, त्यावर साडेबारा टक्के टॅक्स नाहीतर जुन्या इंडेक्सेशनने, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून, २० टक्के, जे कमी पडेल ते सीए सांगेल. हा टॅक्स वाचवायला त्या पैशातून घर घ्यावं लागतं, आणि ते भारतात. दुबईतलं चालत नाही, २०१४ च्या बजेटनंतर कायद्यात तसं स्पष्टच लिहिलंय. धरू हातात ८० राहिले. बाहेर पाठवायची परवानगी आहे, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमध्ये, म्हणजे बाहेर पैसे पाठवायच्या योजनेत, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, त्यात बसतं. पण १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते, म्हणजे ७० वर १४ लाख अडकले. रिटर्न भरल्यावर परत मिळतात हो, पण तुमच्या पेन्शनवर टॅक्स किती आणि १४ लाख किती, रिफंडची वाट पाहत बसायचं. आणि घरात तुमचं नाव लावलं तर दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा, तो राहिला तर १० लाख दंड होऊ शकतो. एवढं करून इथे पोचणार पावणेतीन-तीन लाख दिरहम. डाउन पेमेंट पण पूर्ण होत नाही त्यात.

पण समजा हा सगळा हिशोब जमला असता ना, तरी मी नाहीच म्हटलं असतं. उमरेडच्या खाणीतून ड्युटी करून येताना तुम्ही स्कूटर पिपळा फाट्यावरून वळवायचे आणि मला त्या काळ्या मातीत उभं करून म्हणायचे इथे हॉल, इथे देवघर. पावसाळ्यात माझी एक चप्पल तिथेच रुतली ती अजून निघाली नाही. आरएल, म्हणजे प्लॉटच्या रिलीज लेटरसाठी तुम्ही एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) किती चकरा मारल्या ते आई अजून सांगते. आणि दादाचं काय? तो काही बोलणार नाही, वहिनी पण नाही बोलणार, पण अर्धा प्लॉट त्याचा आहे आणि मी त्याच्यावर दुबईत बाल्कनी घेऊन बसू? मग रक्षाबंधनाला काय तोंड दाखवू.

आमचं असं ठरलंय. सव्वातीन लाख दिरहम जमलेत आमचे. अजून दोन लागतात, इथल्या मराठी मंडळींची भिशी आहे ती मार्चमध्ये माझी लागतेय, ओवीची शाळा बदलायची होती ते पुढे ढकललं, आणि निखिलचा बोनस आला तर पुढच्या दिवाळीपर्यंत होईल. नाही झालं तर त्याच्या पुढच्या. बांधकाम चालू असलेलं स्वस्त मिळतं पण मला चावी हातात देणारंच पाहिजे, हा हट्ट मी तुमच्याकडूनच घेतलाय. घर झालं की तुम्हा दोघांना माझ्या व्हिसावर आणता येईल, बाबांच्या वयाला मेडिकल इन्शुरन्सचा प्रीमियम भारी आहे पण पाहू. आईचा टोमणा मला माहीत आहे, नागपूरच्या उन्हाळ्यातून दुबईच्या उन्हाळ्यात कशाला. डिसेंबरात या. तेव्हा संत्र्याचा सीझन सोडून यावं लागेल एवढंच.

तर सोमवारी काय करायचं ते. दलालाला रविवारीच फोन करून सांगा की मुलांची संमती नाही, घरात ठरलं नाही. टोकन चेकने घेतलं असेल तर चेकनेच परत द्या, कॅश घेतलं असेल तर पावतीवर लिहून घ्या की परत मिळाले. तो दुप्पट मागेल, तसा कागद कुठे झालेला नाही असं दादा म्हणाला, तरी त्याने फारच कटकट केली तर दादाला फोन लावून द्या, स्वतः वाद घालू नका, बीपीची गोळी घेऊनच बोला. ओरिजिनल रजिस्ट्री आणि आरएल त्याच्याकडे पाहायला दिले असतील तर आधी ते आणा, हे सगळ्यात आधी. आणि प्लॉटला तारेचं कंपाउंड करून घ्या, मागच्या वेळी पाहिलं तर शेजारच्याने विटा टाकून ठेवल्या होत्या. त्याचे पैसे मी पाठवते, ते घ्यावेच लागतील.

बाबा, रविवारी संध्याकाळी मी फोन करेन. फोन आईकडे देऊ नका.

तुमची,
सोनू

ता.क. आई, अंबाडीची भाजी वाळवून ठेवली असेल तर दादाच्या मित्राबरोबर पाठव, तो २२ तारखेला निघतोय. लोणचं नको, मागचं बॅगेत सांडलं आणि निखिलच्या सगळ्या शर्टांना अजून वास येतो.