ब्लॉग साधा करताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ब्लॉगला नवी थीम, म्हणजे दिसण्याची तयार मांडणी, घ्यावी की आहे तीच आणखी सजवावी, असं विचारलंयस. माझ्या मते दोन्ही नको. आधी नको असलेलं काढायला लाग. सध्या मी माझ्या ब्लॉगवर हेच करतोय, आणि त्यात इतका जीव रमलाय की तुला सविस्तर लिहिल्यावाचून राहवेना.

सगळ्यात आधी बाजूची पट्टी गेली. कॅलेंडर, टॅगांचा पुंजका, 'लोकप्रिय लेख', भेट देणाऱ्यांचा आकडा, सगळं. संगणकावर ती पट्टी लेखाची जागा खाते आणि फोनवर पार तळाशी जाऊन पडते. तिच्यामागोमाग शेअरची बटणंही काढली. ती दिसायला नुसती चित्रं असली तरी बऱ्याचदा त्यांच्यामागे परक्या कंपनीची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, असते. ती पान जड करते आणि कोण काय वाचतंय याची नोंद तिकडे पोचवू शकते. आपल्या भरवशावर वाचायला आलेल्या माणसावर अशी पाळत ठेवणं मला अजिबात पटत नाही. ज्याला लेख आवडतो, तो दुवा पाठवतोच.

खरा वेळ गेला तो अक्षरांवर. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात, आणि त्याचा फटका आपल्या मजकुराला बसतो. तुझ्या लेखांची शीर्षकं जरा मोठी करून बघ. शिरोरेषा मधे मधे तुटलेली दिसेल, कारण थीमने तिथे लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधे जादा अंतर, दिलंय. रोमन कॅपिटल अक्षरांना ते शोभतं, आपल्या शब्दाचे मात्र तुकडे पडतात. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे ब्लॉगचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, ते शून्य करून टाक, एका ओळीचं काम आहे.

ओळींमधल्या अंतराचंही तेच. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. 'कर्तृत्व' हा एकच शब्द घे, डोक्यावर रफार आणि पायाशी ऋकार. तो लागोपाठच्या दोन ओळींत एकाखाली एक लिहून बघ. दाटी वाटली नाही तर अंतर बरोबर आहे असं समज. मी लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.७ पट ठेवलीय. लेखाच्या रुंदीलाही मर्यादा घातली, कारण ओळ फार लांब झाली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना डोळा चुकतो.

मुक्त परवान्याचा फॉन्ट एकच ठेवला, तोही साधा आणि ठळक अशा दोनच वजनांत, म्हणजे जाडींत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा सहसा बरीच मोठी असते, म्हणून चार-चार फॉन्ट लावले की मंद नेटवर लेख उघडायला वेळ लागतो. तिरपी अक्षरं पूर्ण बंद केली. फॉन्टमध्ये वेगळी तिरपी अक्षरं नसली तर ब्राउझर सरळ अक्षरंच वाकवून दाखवतो, आणि ते फार वाईट दिसतं.

रंगाचं थोडक्यात सांगतो. फिकट करडा मजकूर नको. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ हवा. तो मोजणारी साधनं फुकट मिळतात.

आता काय काढू नकोस ते. लेखाची तारीख राहू दे. तारखेशिवाय जुना लेख वाचणाऱ्याला काळाचा अंदाज येत नाही. सगळ्या लेखांची एक साधी यादी आणि आरएसएस फीडही ठेव, म्हणजे वाचकाला नवे लेख त्याच्या फीड वाचायच्या ॲपमध्ये आपोआप मिळतात. आणि कृपा करून जुन्या लेखांचे पत्ते बदलू नकोस. कुणीतरी कधीकाळी ते जपून ठेवलेले असतात. बदलावेच लागले, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट लाव, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याचं सांगून वाचकाला आपोआप तिकडे नेणारी सूचना.

तू फार मन लावून लिहितोस. तुझा तो शेवटचा दीर्घ लेख मी फोनवर वाचला तेव्हा मधेच एक चौकट वर आली, वर्गणीदार व्हा म्हणून, आणि नेमका उत्कट परिच्छेद झाकला गेला. मला खरंच वाईट वाटलं. ती चौकट आजच काढ. बाकीच्याला हात लावण्याआधी सगळ्याची एक प्रत काढून ठेव, आणि कुठे अडलास तर स्टाइलशीट मला पाठव.

तुझाच,
मित्र